नायलॉनची साडी आणि माझं डोकं

माझ्या डोक्यात काही नाही, असं नगरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते सगळ्या गावाला माहीत झालं. बातमी फोडली माझ्या नवऱ्यानं. एस.टी.तून उतरल्या उतरल्या कुणीतरी विचारलं, "काय म्हनला डाक्टर?" आणि हा सरळमार्गी माणूस म्हणाला, "डोक्यात काय बी न्हाई म्हनला." झालं! मी गावच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. पाण्याच्या रांगेत एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं दुसरीला म्हणाली, "आन् हिच्याकडं आपुन आपली पोरं धाडतोय!"

आता मी हे हसत सांगते. तेव्हा हंडा तिथंच ठेवून रडत घरी गेले होते, आणि हंडा ठेवला म्हणून रांगेतला नंबर गेला तो वेगळाच.

माझं माहेर कोपरगावकडचं, पाटाच्या पाण्याचं. घरामागं ऊस, घरापुढं ऊस. तिथून मला दिलं तिसगावच्या पलीकडं, कोरड्या मुलखात. दिलं ते नोकरीसकट. मास्तरकीचा कोर्स मी नुकताच पुरा केला होता आणि लग्न झालं त्याच जूनमध्ये सासरच्या गावातली शाळा मिळाली. दोन्हीकडची माणसं म्हणाली, पोरीनं नशीब काढलं. त्या साली पाऊस आलाच नाही. दुष्काळ पडला आणि त्याच्याबरोबरच माझं डोकं दुखायला लागलं.

दुखणं कसं, तर डोक्याला कासरा गुंडाळून कुणीतरी हळूहळू पीळ देतंय असं. सकाळी उठल्यावर काही नाही. शाळेची घंटा झाली की कानशिलात सुरू व्हायचं, दुपारी मानेत उतरायचं आणि संध्याकाळी चुलीपुढं बसले की कपाळापासून टाळूपर्यंत सगळं आवळून यायचं. ताप नाही, उलटी नाही. रविवारी कमी. माहेरी गेले की गायब. माहेरी गेल्यावर थांबणारं दुखणं सासरी कसं दिसतं, ते मी सांगायला नको. जाऊबाई तोंडावर म्हणाल्या, "नाटकं हायती समदी."

उपाय करायला मात्र घर मागं हटलं नाही. सुंठ उगाळून लेप झाला. लेप वाळला की कपाळ असं ताणायचं की भुवई उचलायची सोय राहायची नाही, पोरांना वाटायचं बाई रागावल्यात. डोक्याला फडकं करकचून बांधून झालं. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. तिसगावच्या बाजारातून बामची डबी आली, तो बाम डोळ्यांत गेला आणि मी अख्खा तास रडत रडत पाढे शिकवले. मग एक देवऋषी आला. त्यानं धुपाच्या धुरातून माझ्याकडं बघून सांगितलं, "हिच्या मागं हिरीवरची बाई लागलीया." मी जाऊबाईंना हळूच म्हटलं, "विहिरीत टिपूस पाणी नाही, ती बाई तरी तिथं कशाला थांबलीय?" जाऊबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घालवलं. देवऋषी नारळ घेऊन गेला, डोकं राहिलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या एकट्या कधी 'नाटक' म्हणाल्या नाहीत. त्या भ्यायल्या होत्या. त्यांची पाठची बहीण अशीच "डोकं, डोकं" करत महिनाभरात गेली होती. त्यांच्या मते माझ्या डोक्यावर शिकवण्याचा ताण येत होता. "चाळीस पोरं दिसभर डोस्कं खात्यात," त्या म्हणायच्या. "सोड ती नोकरी. पगार काय मढ्यावर घालायचाय?" घरात त्या पगाराची गरज किती होती हे मला माहीत होतं, म्हणून त्यांच्यावर रागावताही यायचं नाही.

निकाल द्यायचे ते माझे सासरे. आता मामंजींबद्दल सांगते. त्या काळी आमच्याकडं सासरा सुनेशी बोलत नसे. घरात शिरायच्या आधी खोकायचं, म्हणजे सुनेनं पदर सारखा करून भिंतीला लागायचं. पण घर चालवायचं म्हणजे सांगायचं तर असतंच. मामंजी ते म्हशीला सांगायचे. दावणीपाशी उभं राहून, तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, "उद्या पाव्हनं येनार हायती, चार भाकरी जास्ती लागतील." मी आत चुलीपुढं ते ऐकायचे आणि पीठ वाढवायचे. म्हैस बिचारी निमूट ऐकून घ्यायची. दुष्काळ वाढला तशी म्हैस गुरांच्या चारा-छावणीत गेली. मला वाटलं, आता हे काय करणार? मामंजी रिकाम्या दावणीशी बोलायला लागले!

एका संध्याकाळी त्यांनी दावणीला सांगितलं, "पाडव्यापतुर डोकं उतरलं तर बरं. न्हाई तर राजीनामा दिऊन टाकावा. मानूस हाय तर समदं हाय."

राजीनामा दावणीला द्यायचा नव्हता, मला द्यायचा होता. मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी तर हवी होतीच, पण शाळेच्या पायरीवर पाय ठेवला की मी कुणाची सून, कुणाची जाऊ राहायची नाही, 'बाई' व्हायची. चाळीस पोरं "बाई, बाई" करत अंगाला झोंबायची. वीस वर्षांच्या आयुष्यात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. डोकं गेलं तरी चालेल पण शाळा नको जायला, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो घाबरला आणि दुसऱ्याच दिवशी मला नगरला घेऊन गेला.

डॉक्टर तपकीर ओढणारे होते. डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला. मग म्हणाले, "डोक्यात काही नाही." नवऱ्यानं ऐकलं ते एवढंच. पुढचं मी ऐकलं. "जे आहे ते डोक्याच्या बाहेर आहे. कानशिलावर बोट ठेव. आता दात आवळ."

बोटाखाली काहीतरी टणकन वर आलं.

"हा स्नायू. जू ओढताना बैलाचा खांदा टरारतो ना, तसा हा दिवसभर ओढतोय. तू काय ओढतेस?"

"काही नाही," मी म्हणाले.

"तोंडात काय आहे?"

"काही नाही," मी परत म्हणाले. दातात पदराचं टोक होतं. परका पुरुष समोर, शेजारी नवरा, मी डोक्यावरचा पदर नेहमीसारखा दातात धरून बसले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! डॉक्टर इतके हसले की तपकीर उडाली.

मग त्यांनी नीट समजावलं. दात आवळले की कानशिलं ओढली जातात, पदर पडू नये म्हणून मान ताठ धरली की मान अवघडते, खांदे कानाला लागतात, आणि हे सगळं डोक्यावर येतं. वर मनाची धास्ती. दुखेल म्हणून भ्यायचं, भ्यालं की आवळायचं, आवळलं की दुखायचं. गोळी फार झालं तर कधीमधी घे, रोज खाल्लीस तर त्या गोळीनंच दुखायला लागेल. ओठ मिटलेले पण दात सुटे ठेव. मीठ तव्यावर तापवून पुरचुंडी कर आणि मान शेक. मधूनमधून मान फिरव, खांदे सोड. भरपूर पाणी पी. "आमच्याकडे?" मी म्हणाले. ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "आणि हा पदर सोड." नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

आता कुणी म्हणेल, गावातल्या सगळ्याच बायकांच्या डोक्यावर पदर होता, मग तुझंच डोकं का दुखलं बाई? तर त्याला कारण नायलॉन. आत्याबाईंचं सुती नऊवारी लुगडं एकदा डोक्यावर बसलं की वावटळीतही हलायचं नाही. माझी साडी पाचवारी, निळी, नगरहून आणलेली. तेल लावलेल्या केसांवरून ती घसरगुंडी खेळायची. सुती पाचवारी नेसावी, तर ती धुवायला दोन बादल्या पाणी लागायचं आणि पिण्याचाच टँकर आला तर यायचा. नायलॉनची साडी कशी, तांब्याभर पाण्यात धुऊन निघायची, झटकली की वाळायची. दुष्काळासाठीच जन्माला आली होती जणू.

खरं सांगायचं तर आत्याबाईंनी आपलं एक धडकं लुगडं काढून दिलं होतं. ते नेसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मी कोर्स केलेली मास्तरीण! नऊवारी नेसून खडू धरायचा? छे! डोकं दुखलं तरी चालेल, पण नायलॉन सोडणार नाही, असा माझा हट्ट. गाव माझ्या डोक्याबद्दल म्हणत होतं ते अगदीच खोटं नव्हतं.

आणि शाळेत पदर लागायचाच, कारण समोर मामंजी असायचे. आमच्या शाळेला एकच खोली. तिच्यात हेडमास्तर तिसरी-चौथी घ्यायचे, म्हणजे पोरं पाटीवर लिहायची आणि हेडमास्तर डुलक्या घ्यायचे. मी बाहेरच्या पडवीत. पडवीला पुढची भिंत नाही, आणि वीस पावलांवर कडुनिंबाचा पार. एरवी मामंजी दिवसभर शेतात असते. पण त्या साली नांगरायला ओल नव्हती, खुरपायला पीक नव्हतं. मग न्याहारी झाली की पटका बांधून ते पारावर येऊन बसायचे ते शाळा सुटेपर्यंत. सून चारचौघांत काम करते, लक्ष राहावं, एवढाच त्यांचा हेतू. माझ्या उजव्या हातात खडू, डाव्यात पुस्तक. पदर धरायला तिसरा हात देवानं दिला नाही, दात दिले.

नगरहून आल्यावर मी मनापासून प्रयत्न केला. मिठाच्या पुरचुंडीनं संध्याकाळी मान इतकी हलकी व्हायची की मला झोपच लागायची. सकाळी "ओठ मिटून, दात सुटे" असं घोकत शाळेत जायचे. पण पारावरून मामंजींचा खोकला आला की जबडा आपोआप बंद. टाचणी लावून पाहिली, तर पहिल्याच दिवशी पदराला भोक पडलं आणि मान वळवली की टाळूला टोचायचं. पदर सोडा असं डॉक्टर म्हणाले, हे घरात कोण सांगणार? नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही सांगा." तो म्हणाला, "सांगतो की." आणि रस्त्याच्या दुष्काळी कामावर निघून गेला. पाडवा आठ दिवसांवर आला.

त्याच आठवड्यात दोन-तीन पोरांच्या आया शाळेत तक्रार घेऊन आल्या. "बाई, पोरं कापडं खाया लागलीत. गळपट्ट्या चावून चावून चिंध्या केल्यात." मला वाटलं, भुकेनं खातात. शाळेत सुकडी वाटायची तेव्हा मी त्या पोरांना मूठभर जास्त वाढायला लागले. पोरांनी सुकडी खाल्ली आणि गळपट्ट्याही खाल्ल्या.

आणि मग तपासणीला डिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना गाव डिपोटीच म्हणायचं. तिसगावपासून सायकल मारत आल्यामुळं ते घामाघूम आणि आधीच वैतागलेले होते. हेडमास्तरांनी टोपी सारखी केली. डिपोटींनी पहिल्या रांगेतल्या एका मुलीला उभं केलं आणि म्हणाले, "वाच."

तिनं पुस्तक उघडलं. झग्याची गळपट्टी उचलली, डाव्या बाजूच्या दातांत नीट धरली आणि खणखणीत वाचायला लागली. डिपोटींना वाटलं, पोरगी लाजते. त्यांनी दुसऱ्याला उठवलं. त्यानं सदऱ्याची गळपट्टी दातात धरली आणि वाचायला लागला. तिसराही तसाच.

"बरं, सगळे मिळून पाढा म्हणा," डिपोटी म्हणाले.

चाळीस हात चाळीस गळ्यांकडे गेले. एकाच्या अंगात सदराच नव्हता, त्यानं शेजाऱ्याची बाही दातात धरली. आणि सगळी पडवी दात आवळून, माना ताठ करून एका सुरात "बे एके बे" करू लागली.

"थांबा!" डिपोटी ओरडले. "हा काय प्रकार आहे?"

पहिल्या मुलीनं गळपट्टी सोडली आणि साहेबांनाच काही येत नाही अशा सुरात सांगितलं, "सायेब, वाचायच्या आदी कापड धरायचं असतं. आमच्या बाई धरत्यात."

डिपोटींनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या दातात पदर होता.

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. पारावरची माणसं मांड्या थोपटून हसत होती. हेडमास्तर पूर्ण जागे झाले होते. डिपोटींनी शेऱ्याची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "बाई, हे कुठल्या कोर्सात शिकवतात?" पोरं कापडं खात होती ती माझ्यामुळं! आता पाडव्याची वाट बघायचं कारण नाही, नोकरी आजच गेली, एवढंच डोक्यात होतं, आणि डोकं असं ठणकत होतं की समोरचा फळा हलत होता.

तेवढ्यात पडवीच्या पायरीशी खोकला आला.

मामंजी पारावरून उठून आले होते. हसणाऱ्यांत ते नव्हते. सवयीनं त्यांनी माझ्याकडं पाठ केली, तोंड भिंतीकडं, आणि बोलले ते डिपोटींशी.

"सायेब, लिवू नगा. पोरांची चूक न्हाई, बाईंची बी न्हाई. मी समोर बसतो म्हनून त्या पदर धरत्यात. दहा म्हयनं झालं, रोज बसतोय." आवाज खाली आला. "त्यांचं डोकं का दुखतंय ते मी साऱ्या मुलखाला इचारत हिंडलो. आन् दुखवीत हुतो मीच. त्यास्नी सांगा, शाळंत त्या बाई हायती. शाळंत पदर नगं."

मी डिपोटींपासून चार हातांवर उभी होते. तरी ते माझ्याकडं वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "शाळेत पदर नको म्हणतात." म्हैस छावणीत होती, तिचं काम डिपोटींनी केलं.

मी दात सोडले. नायलॉनच ते, पदर सर्रकन खांद्यावर आला. पारावरचं हसणं थांबलं. पोरं बघत होती. मग पहिल्या मुलीनं आपली गळपट्टी हातानं नीट केली आणि सगळ्यांनी तोंडं उघडून परत "बे एके बे" सुरू केलं. मी रडत होते आणि हसत होते. डिपोटींनी वहीत काय लिहिलं ते नंतर पाहिलं. 'वाचन स्पष्ट. मुलांच्या गळपट्ट्यांकडे पालकांनी लक्ष द्यावे.'

दुसऱ्या दिवशी मामंजी न्याहारी करून पारावर आले, पण पाराला वळसा घालून पलीकडं बसले, शाळेकडं पाठ करून. त्या बाजूला सावली नव्हती. कडुनिंबाची पानं तर कधीच झडली होती, सावली काय ती बुंध्याची, आणि ती आमच्या बाजूला. दुपारचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर यायचं. लोकांनी सांगून पाहिलं, "हिकडं सरका की." ते म्हणायचे, "हितं वारं हाय." वारंबिरं काही नव्हतं. पाऊस पडून नांगर धरीपर्यंत ते तिथंच बसले.

पाडव्याला माझं डोकं उतरलं होतं. ते मामंजींच्या डोक्यावर चढलं. गुढी उतरवायच्या वेळी ते ओसरीवर कपाळ धरून बसले होते. उन्हात दिवस काढून, डोळे बारीक करून, घट्ट पटक्याखाली त्यांचं कपाळ ठणकत होतं. आत्याबाई लगबगीनं सुंठ उगाळायला लागल्या. मामंजींनी दावणीला सांगितलं, "डोकं लई दुखतंय."

मी चुलीवर तवा ठेवला, मूठभर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं. आधी पाण्याचा तांब्या भरला. मग डोक्यावरचा पदर डाव्या हातानं धरला आणि ओसरीवर गेले. सुंठ उगाळणं थांबलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि मी त्यांच्याशी अवाक्षर बोलले नव्हते.

"मामंजी, पाणी प्या. पटका काढा आणि ह्यानं मान शेका," मी म्हणाले. आणि शाळेत पोरांना सांगते तसं ठसक्यात पुढं म्हणाले, "ओठ मिटायचे, पण दात सुटे ठेवायचे."

मामंजींनी रिकाम्या दावणीकडं पाहिलं. तिथून काही मदत मिळेना. मग त्यांनी मान वर करून पहिल्यांदा समोरासमोर माझ्याकडं पाहिलं. ज्या माणसाला मिलोची, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खावी लागायची, त्याला मी काय सांगितलं हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"सुटं ठिवायला दात हायती कुठं, बाई?" ते म्हणाले, आणि पुरचुंडीसाठी हात पुढं केला.